ऐंशी मीटरांची किनारपट्टी : मॉरिशसमधील विवाह-पर्यटनाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

विषयप्रवेश

विवाह, मधुचंद्र, विवाहाचा पंचविसावा वा पन्नासावा वाढदिवस असे कौटुंबिक आनंदाचे प्रसंग घरापासून दूर, एखाद्या उष्ण कटिबंधातील बेटावरच्या पंचतारांकित विश्रामधामात साजरे करण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत दृढ झाली. हिंदी महासागरातील मॉरिशस हे या प्रथेचे एक ठळक उदाहरण होय. फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी, दक्षिण आफ्रिका आणि अलीकडच्या काळात भारत येथून येणारी जोडपी तेथील किनाऱ्यावर विवाहबद्ध होतात. सुरूच्या झाडांच्या सावलीत एक टेबल मांडले जाते, नोंदणी अधिकारी येतो, दोन साक्षीदार सह्या करतात आणि सायंकाळी वाळूवर सेगा नृत्याचा कार्यक्रम होतो.

पर्यटनविषयक लेखनात या लोकप्रियतेचे कारण बहुधा निसर्गसौंदर्यात शोधले जाते. प्रवाळभिंतीच्या आतील शांत उथळ समुद्र, पांढरी वाळू आणि वर्षभर सुखद हवा ही कारणे खरी आहेत, परंतु पुरेशी नाहीत. हीच वाळू आणि हाच समुद्र १८६७ सालीही तेथे होता. त्या वर्षी मात्र सधन कुटुंबे किनाऱ्याकडे धाव घेत नव्हती, तर किनाऱ्यापासून पळत होती. म्हणजेच किनारा हा उत्सवाचे स्थळ ‘होता’ असे नसून तो तसा ‘घडवला गेला’. ही घडण कायदा, साहित्य, आरोग्य आणि अर्थकारण या चार अंगांनी कशी झाली, आणि तिच्यात बेटावरील श्रमिकांच्या वंशजांचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गव्हर्नर देकाँचे दोन वारसे

मॉरिशसवर प्रथम डचांची (१६३८ ते १७१०, मधल्या खंडासह) व नंतर फ्रेंचांची वसाहत झाली. फ्रेंच काळात हे बेट ‘ईल द फ्रान्स’ या नावाने ओळखले जाई. नेपोलियनने पाठविलेले जनरल शार्ल देकाँ हे १८०३ पासून १८१० पर्यंत तेथील गव्हर्नर होते. आजच्या किनारी विश्रामधामातील विवाहसोहळा ज्या दोन कायदेशीर आधारांवर उभा आहे, ते दोन्ही या एकाच राजवटीत घातले गेले, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

पहिला आधार जमिनीचा. ५ मे १८०७ च्या आदेशान्वये बेटाच्या किनाऱ्यालगत ‘पन्नास भौमितिक पावले’ रुंदीचा पट्टा राज्याच्या ताब्यात राखून ठेवण्यात आला. फ्रेंच वसाहतींत ही कल्पना त्यापूर्वीपासून रूढ होती. तिचा हेतू मुख्यतः लष्करी होता. इंग्रजांच्या आरमाराची टांगती तलवार डोक्यावर असताना तोफखाने, टेहळणी आणि सैन्याच्या हालचाली यांसाठी किनारा मोकळा असणे आवश्यक होते. ३ डिसेंबर १८१० रोजी बेट इंग्रजांच्या हाती गेले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने ते कायम झाले. परंतु किनाऱ्याचा नियम टिकला. १८९५ च्या कायद्याने ही राखीव जमीन अविक्रेय व अहस्तांतरणीय असल्याचे आणि तिची रुंदी कोठेही ८१.२१ मीटरांपेक्षा कमी नसल्याचे स्पष्ट केले. ८१.२१ मीटर म्हणजे जुने फ्रेंच २५० फूट. ही पट्टी भरतीच्या रेषेपासून आत मोजली जाते. राज्याला ती विकता येत नाही, भाड्याने मात्र देता येते. तोफांसाठी राखलेल्या या पट्टीवर पुढे सधनांचे किनारी बंगले व त्यानंतर अनेक मोठी हॉटेले भाडेपट्ट्याने उभी राहिली.

दुसरा आधार विवाहविषयक कायद्याचा. नेपोलियनची दिवाणी संहिता याच राजवटीत बेटावर लागू झाली. शरणागतीच्या अटींत इंग्रजांनी रहिवाशांचा धर्म, कायदे व रूढी अबाधित राखण्याचे मान्य केल्यामुळे इंग्रजी अमलातही दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचाच राहिला. या संहितेनुसार विवाह ही सर्वप्रथम राज्याच्या दप्तरातील नोंद असते. धार्मिक विधी हा तिच्यापुढे दुय्यम. त्यामुळे स्थानिक धर्म वा पंथ यांच्याशी कोणताही संबंध नसलेल्या परदेशी जोडप्याचा विवाह बेटावर विधिवत नोंदविता येणे तत्त्वतः सोपे झाले. अनेक बेटांवर पर्यटकांसाठी होणारे विवाहसोहळे केवळ प्रतीकात्मक असतात. मॉरिशसमध्ये मात्र १९८१ च्या नागरी नोंदणी कायद्याखाली झालेला विवाह वैध विवाह असतो.

कादंबरी, जहाज आणि हॉटेल

कायद्याने जागा दिली. तिला प्रणयाचा अर्थ दिला तो साहित्याने. फ्रेंच लेखक बर्नार्दँ द सँ-पिएर हे १७६८ ते १७७० या काळात ईल द फ्रान्स येथे अभियंता म्हणून राहिले होते. त्यांची ‘पोल ए व्हिर्जिनी’ ही कादंबरी १७८८ मध्ये प्रसिद्ध झाली व लवकरच युरोपातील अनेक भाषांत पोहोचली. निसर्गाच्या सान्निध्यात वाढलेल्या दोन निष्पाप मुलांचे प्रेम आणि त्याची शोकांतिका असा तिचा विषय. फ्रान्सहून परतणारी नायिका किनारा दृष्टिपथात असताना जहाज फुटून बुडते. जहाज काल्पनिक नाही. ‘ल सँ जेराँ’ हे जहाज ऑगस्ट १७४४ मध्ये बेटाच्या ईशान्य किनाऱ्यालगत खडकांवर आदळून खरोखर बुडाले होते.

युरोपीय वाचकाच्या मनात हे बेट ‘निष्पाप प्रेमाची भूमी’ म्हणून रुजले ते या कादंबरीमुळे. विशेष म्हणजे १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हॉटेल-व्यावसायिक सोल कर्झनर यांनी पूर्व किनाऱ्यावर जे आलिशान हॉटेल उभारले, त्याचे नाव ‘ल सँ जेराँ’ असेच ठेवण्यात आले. मधुचंद्रासाठी येणारी जोडपी एका बुडालेल्या जहाजाच्या नावाखाली निवास करतात, यातील विरोधाभास वरवरचा नाही. शोकांतिकेतील शोक गळून पडतो आणि केवळ बेट व प्रेम ही दोन पदे उरतात. पर्यटन-उद्योगाने इतिहासाची केलेली निवड ती हीच. कादंबरीत गुलामगिरीचे उल्लेख आहेत, पळून आलेल्या एका गुलाम स्त्रीचा प्रसंगही आहे. प्रणयभूमीच्या प्रतिमेतून हा भाग सर्वांत आधी वगळला गेला.

मलेरिया, साखर आणि विमान

प्रतिमा अठराव्या शतकातील, तर हॉटेले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. मधल्या दीड शतकाहून अधिक काळाच्या अंतराचे एक महत्त्वाचे कारण आरोग्याच्या इतिहासात सापडते. १८६६ ते १८६८ या काळात मलेरियाच्या साथीने बेटावर हाहाकार माजविला. राजधानी पोर्ट लुई व सखल किनारी भाग यांना तिचा सर्वाधिक फटका बसला. ज्यांना शक्य होते त्यांनी उंचावरील थंड पठाराकडे स्थलांतर केले. क्युरपीप या नगराची वाढ या स्थलांतरातून झाली. पुढील कित्येक दशके प्रतिष्ठित वस्ती म्हणजे पठारावरील वस्ती, असे समीकरण राहिले. किनारा उरला तो मच्छीमारांना, ऊसमळ्यांतील मजुरांना आणि काही महिन्यांपुरते बंगल्यात येणाऱ्या मळेवाल्यांना.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीची मोहीम हाती घेण्यात आली व मलेरिया आटोक्यात आला. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेट मलेरियामुक्त झाल्याचे प्रमाणित केले. किनाऱ्यावर शंभर खोल्यांचे हॉटेल बांधणे व्यवहार्य ठरण्यापूर्वी तेथे रात्री निर्धास्त झोपता येणे आवश्यक होते, ही साधी गोष्ट पर्यटनाच्या इतिहासात दुर्लक्षित राहते.

दुसरे कारण दळणवळणाचे. महायुद्धकाळात बांधलेला प्लेझान्स येथील विमानतळ नागरी वाहतुकीस उपलब्ध झाला. १९५२ मध्ये क्वांटास कंपनीने ऑस्ट्रेलिया ते दक्षिण आफ्रिका या मार्गावर मॉरिशस हा थांबा ठेवला आणि विमानातील कर्मचारी व प्रवासी यांच्या मुक्कामासाठी हॉटेलांची गरज निर्माण झाली. १९६७ मध्ये एअर मॉरिशसची स्थापना झाली.

तिसरे कारण साखरेचे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने १९६१ च्या अहवालात वाढती लोकसंख्या आणि केवळ ऊसावर विसंबलेली अर्थव्यवस्था यांमुळे बेटाचे भवितव्य बिकट असल्याचा इशारा दिला होता. १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा बेकारी हा सर्वांत ज्वलंत प्रश्न होता. पंतप्रधान सिवसागर रामगुलाम यांच्या शासनाने १९७० मध्ये निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला आणि पर्यटनालाही उत्तेजन दिले. १९७४ च्या सुमारास जागतिक बाजारात साखरेचे भाव अभूतपूर्व चढले. १९७५ च्या लोमे कराराने युरोपीय बाजारपेठेत ठरावीक साठ्यासाठी चांगल्या दराची हमी मिळाली. या नफ्याचा काही भाग फ्रेंच वंशाच्या मळेवाल्या घराण्यांनी हॉटेलांत गुंतविला. ज्यांचे ऊसमळे किनाऱ्यापर्यंत पोहोचत होते, त्यांच्याकडे भांडवल होते आणि पुढची राखीव पट्टी भाड्याने मागण्यासाठी लागणारी पतही होती. अशा रीतीने मळ्यातून हॉटेलाकडे झालेले संक्रमण हे मालकांच्या बाबतीत पुष्कळ अंशी सातत्य होते.

शासनाने प्रारंभापासून मोजक्या परंतु अधिक खर्च करणाऱ्या पर्यटकांचे धोरण स्वीकारले आणि स्वस्त सहलींची विशेष विमाने फारशी येऊ दिली नाहीत. विवाह व मधुचंद्र यांसाठी येणारा प्रवासी हा या धोरणाला अनुरूप असा ग्राहक होता. कारण आयुष्यातील अशा प्रसंगी मनुष्य खर्चाचा हिशेब सहसा करीत नाही. १९७० मध्ये वर्षाकाठी तीस हजारांहून कमी असलेली पर्यटकांची संख्या २००० मध्ये साडेसहा लाखांवर आणि २०१८ मध्ये सुमारे चौदा लाखांवर पोहोचली. ही शेवटची संख्या देशाच्या लोकसंख्येहून अधिक होती.

कोणाचा विवाह नोंदला गेला?

विवाह-पर्यटनाचा विचार करताना बेटावरील बहुसंख्य लोकांच्या पूर्वजांच्या विवाहाचे काय झाले, हा प्रश्न टाळता येत नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांच्या मालकांना. गुलामांच्या जागी मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर आणण्याची पद्धत १८३४ मध्येच सुरू झाली होती आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत साडेचार लाखांवर माणसे या मार्गाने बेटावर आली. त्यांपैकी बहुसंख्य कलकत्ता व मद्रास बंदरांतून निघालेली होती; मुंबई बंदरातून गेलेल्या तुलनेने थोड्या मजुरांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतील कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही ‘मराठी’ म्हणून ओळखले जातात.

या मजुरांचे विवाह आपापल्या रूढीप्रमाणे, मंडपात, भटजी किंवा मौलवी यांच्या उपस्थितीत होत. परंतु दिवाणी संहितेच्या दृष्टीने दप्तरात नोंद नसलेला विवाह हा विवाहच नव्हता. परिणामी अशा संबंधांतून झालेली अपत्ये कायद्याने अनौरस ठरत आणि वारसाहक्काचे प्रश्न उभे राहत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे मळे तुकड्यांनी विकले जाऊ लागले व मजुरांच्या हाती थोडीफार जमीन आली, तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला. धार्मिक विवाहाला दिवाणी परिणाम देणारी सुस्पष्ट व्यवस्था प्रस्थापित होण्यास १९८० च्या दशकाचा प्रारंभ उजाडावा लागला. ज्या कायद्याची चौकट परदेशी पाहुण्याला काही दिवसांच्या मुक्कामात वैध विवाहाची सोय देते, त्याच चौकटीने बेटावर आयुष्य वेचणाऱ्या मजुराचा संसार दीर्घकाळ अदृश्य ठेवला.

तरीही हे विवाह साजरे झालेच. भोजपुरी घरांत विवाहापूर्वी स्त्रियांनी गायची ‘गीत-गवाई’ ही परंपरा मळ्यांच्या वस्त्यांत टिकली. २०१६ मध्ये तिचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. त्याआधी २०१४ मध्ये पारंपरिक सेगा याच यादीत आला होता. आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांनी घडविलेला सेगा विश्रामधामांतील रात्रीच्या कार्यक्रमात ठरावीक वेळेचा व आटोपशीर झाला. मूळच्या सेग्यातील तत्कालस्फूर्त गाणी आणि रावान या डफासारख्या वाद्याच्या तालावर रंगणारी मैफल पाहुण्यांच्या वाट्याला क्वचितच येते. गीत-गवाई मात्र प्रामुख्याने घरच्या अंगणातच राहिली. दोन्ही उत्सव-परंपरा श्रमिकांच्याच. एक मंचावर गेली, दुसरी अंगणात राहिली.

किनारा कोणाचा?

नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ल मोर्न ब्राबाँ हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर या संपूर्ण प्रश्नाचे प्रतीक ठरतो. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी त्याच्या कड्यांत आश्रय घेतला होता. मुक्तीची वार्ता घेऊन आलेले शिपाई आपल्याला पकडण्यास आले आहेत, अशा समजुतीने अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी लोकस्मृती आहे. २००८ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. भारतीय मजूर जेथे उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्येच या यादीत आला होता. ल मोर्नच्या पायथ्याशी असलेला किनारा मात्र बेटावरील सर्वांत महागड्या विश्रामधामांचा प्रदेश आहे. तेथे विवाहाच्या छायाचित्रात जो डोंगर पार्श्वभूमीस असतो, तो क्रिओल समाजाच्या दृष्टीने पूर्वजांचे स्मारक असतो.

हॉटेलांच्या विस्ताराबरोबर नागरिकांचा समुद्रावरील वावर आक्रसू लागला. रविवारी कुटुंबासह डबे घेऊन सुरूच्या सावलीत दिवस घालविणे ही मॉरिशसमधील सर्व समाजांची आवडती रीत. गणेशचतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुटी असते; कास्कावेलसारख्या मराठी वस्तीच्या गावांतील आणि इतरत्र राहणारी मराठी कुटुंबे मूर्ती विसर्जनासाठी नदीवर वा समुद्रावर नेतात. या सर्वांसाठी सार्वजनिक किनारा ही चैन नसून उत्सवाची मूलभूत गरज आहे. सार्वजनिक किनाऱ्यांच्या व्यवस्थापनासाठी २००२ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. परंतु एखाद्या किनाऱ्याचा सार्वजनिक दर्जा काढून तो हॉटेलास देण्याचे प्रयत्न थांबले नाहीत. दक्षिणेकडील पोम्पोनेत येथील किनाऱ्याच्या प्रश्नावर २०१६ पासून आंदोलन उभे राहिले. ‘आमचे किनारे चोरणे थांबवा’ अशा अर्थाच्या क्रिओल घोषणेचेच नाव आंदोलकांनी आपल्या संघटनेला दिले.

या आंदोलनाचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. किनारा सुंदर आहे म्हणून तो आमचा, असे त्यात म्हटलेले नाही. किनारा राज्याचा, म्हणजे पर्यायाने नागरिकांचा आहे. तो भाड्याने दिला गेला असेल, पण विकला गेलेला नाही, असा तो दावा आहे. अशा रीतीने वसाहतवादी गव्हर्नरने शत्रूच्या आरमाराविरुद्ध राखलेली पट्टी त्याच्या काळातील गुलामांच्या व पुढील काळातील मजुरांच्या वंशजांच्या हाती हक्काचे साधन बनली.

२०२० मध्ये या हक्काची दुसरी बाजूही दिसून आली. २५ जुलै रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यालगतच्या प्रवाळभिंतीवर आदळले आणि ऑगस्टच्या प्रारंभी त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात पसरले. त्या वेळी साथीच्या रोगामुळे सीमा बंद होत्या व पर्यटक नव्हते. माएबुर परिसरात हजारो नागरिकांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून तरंगते अडसर तयार केले. ज्या उसासाठी त्यांचे पूर्वज आणले गेले, त्याच उसाच्या पाचटाने त्यांनी किनारा वाचविण्याची धडपड केली.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. मॉरिशसचा किनारा उत्सवाचे स्थळ बनला तो केवळ निसर्गामुळे नव्हे. १८०७ च्या लष्करी आदेशाने जागा राखली, फ्रेंच दिवाणी संहितेने विवाहाची वैधता दिली, एका कादंबरीने प्रणयाची प्रतिमा दिली, मलेरियाच्या निर्मूलनाने वास्तव्य शक्य केले आणि साखरेच्या नफ्याने भांडवल पुरविले. या प्रत्येक टप्प्यावर लाभ व श्रम यांची विभागणी विषम होती. २००९ मध्ये स्थापन झालेल्या सत्य व न्याय आयोगाने २०११ च्या अहवालात गुलामगिरी व करारबद्ध मजुरीच्या परिणामांत जमिनीच्या अपहरणाचा प्रश्न अग्रभागी आणला, तो याच विषमतेमुळे.

पर्यटन नाकारावे, असा याचा अर्थ नाही. हजारो कुटुंबांची उपजीविका त्यावर अवलंबून आहे आणि ऊसावरच विसंबून राहणाऱ्या बेटाचे भवितव्य काय झाले असते, याची कल्पना मीड अहवालावरून येते. प्रश्न आहे तो सहअस्तित्वाचा. एकाच वाळूवर एका बाजूस परदेशी जोडप्याचा विवाह आणि दुसऱ्या बाजूस स्थानिक कुटुंबाचे विसर्जन होऊ शकते. त्यासाठी मधली भिंत नसावी लागते. कोकणासह भारताच्या किनारपट्टीवरही भरतीरेषेपासूनच्या अंतराचे नियम १९९१ पासून अस्तित्वात आहेत व त्यांत वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या आहेत. कागदावरील ऐंशी मीटर टिकविण्यासाठी नागरिकांची स्मृती व जागरूकता जिवंत असावी लागते, हा मॉरिशसचा अनुभव त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.